झाडाचा होकार

असं समजा, की तुमच्या हातात कुऱ्हाड आहे आणि समोर बुचाचा ओक उभा आहे. बाटलीच्या तोंडाला बसवतात त्या बुचाचा. झाड पाडायचं नाही, फक्त त्याचा अंगरखा उतरवायचा आहे. सालीवरची सगळ्यात खोल भेग शोधा आणि पातं तिथं बसवा. जोर मात्र बेतानं. कारण या जाड सालीच्या आत आणखी एक पातळ, ओली साल असते. तिला इथले लोक 'आई' म्हणतात. झाड तिच्या जिवावर जगतं. कुऱ्हाड आईला लागली तर ती जखम जन्माची. तिथं पुन्हा धड बूच धरत नाही. म्हणजे पातं बुचातून पार जायला हवं आणि आईच्या अलीकडे थांबायलाही हवं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. कळतं ते कानाला. पातं जरासं पिळलं आणि आतून पोकळ, कापड फाटल्यासारखा आवाज आला, तर साल सुटायला तयार आहे. आखूड, कोरडा 'ठक्' आला, तर कुऱ्हाड खांद्यावर टाका आणि पुढच्या झाडाकडे चला. झाड नाही म्हणालं.

होकार आला असेल तर वर खोडाला गोल काप द्या, कुऱ्हाडीच्या दांड्याचं पाचरीसारखं तासलेलं टोक फटीत घाला आणि सावकाश रेटा. सालीचं माणसाच्या उंचीचं फळकूट हातात येतं. मागे उघडं पडलेलं खोड आधी फिकट गुलाबी दिसतं, उन्हं कलेपर्यंत गेरूसारखं लाल होतं. मग त्यावर पांढऱ्या रंगानं वर्षाचा शेवटचा आकडा लिहायचा. त्यानंतर नऊ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही.

मोंत-दा-रोला या डोंगरातल्या वाडीत हे काम झासिंतुइतकं नीट कुणालाच जमत नव्हतं. वडिलांच्या हाताखाली तो शिकला आणि वडिलांच्याच कुऱ्हाडीनं म्हातारा झाला. अंगानं किरकोळ, मान किंचित डावीकडे कललेली. सतत खोडाला कान लावून ती तशी झाली, असं लोक म्हणत. शेजारच्या गावांतही 'झासिंतु कानानं सोलतो' अशी ख्याती होती. त्याची बायको ओदेत मात्र सांगायची, "झाड कुजबुजलं तरी याला ऐकू येतं. मी 'भाकरी आण' म्हणून ओरडले तर बहिरा."

सालीचं काम जोडीनंच होतं. खोडाच्या दोन्ही बाजूंना दोघं उभे राहतात, नाहीतर फळकूट मध्येच मोडतं. झासिंतुचा जोडीदार बाल्ताझार. हा उंच, आडदांड आणि बडबड्या. फांद्यांवर चढून वरचा भाग सोलायचं काम त्याचं. बाल्ताझारच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला झासिंतु धर्मपिता म्हणून उभा राहिला, तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्र' म्हणत. व्याह्यांपेक्षा जवळचं नातं. लेक आता फ्रान्समध्ये, लियोंला. बाल्ताझारचा खुबा झिजला होता आणि तिनं बापाला बजावलं होतं, यंदाचा उन्हाळा शेवटचा, मग इकडे या आणि गप बसा.

त्या वर्षी हिवाळा आला तो कोरडाच. ढग यायचे, डोंगरावर जरा टेकायचे आणि समुद्राकडे निघून जायचे. ओढा ईस्टरच्या आधीच आटला. विहिरीत बादली सोडली की खडखडायची. नगरपालिकेचा टँकर प्यायचं पाणी आणू लागला आणि बायका भांडी धुतलेलं पाणी टोमॅटोच्या वाफ्याला घालू लागल्या. डोंगरावरची चिकट पानांची झुडपं एरवी मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी भरतात. त्या वर्षी ती फुललीच नाहीत. हात लावला की पापडासारखा त्यांचा चुरा होई. शेळ्यासुद्धा त्यांना तोंड लावीनात.

आणि नेमकी त्याच वर्षी देओलिंदामावशीच्या उताराची पाळी आली.

देओलिंदा ही वाडीतली सगळ्यात थोरली बाई. गावाच्या वरच्या अंगाला तिचा उतार. तिच्या आईबापांनी तिथं ओकाची फळं पेरली होती आणि कोवळी रोपं शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून लहानपणी ती दिवसभर हातात काठी घेऊन तिथं बसायची. पेरलेल्या झाडाला कामाचं बूच यायला चाळीसेक वर्षं लागतात. म्हणजे पेरणारा एक आणि सोलणारा दुसराच. म्हणून या झाडांबद्दल वाडीत कुणी 'माझी' असं फार ठासून म्हणत नसे.

एका रविवारी, प्रार्थनेहून आल्यावर, मावशीच्या अंगणात विषय निघाला.

"यंदा राहू दे रे, झासिंतु," मावशी म्हणाली. "बूच म्हणजे काय दही आहे, आंबायला? पुढच्या वर्षी काढू."

"पुढच्या वर्षी मी लियोंला नातवाच्या बाबागाडीमागं फिरत असेन, मावशी," बाल्ताझार म्हणाला. "फांदीवर तुम्ही चढणार का?"

"चढेन की. तुझ्यापेक्षा माझी हाडं तरी शाबूत आहेत."

"मग यालाच विचारा, तुम्हाला जोडीदार करून घेतो का ते."

सगळे हसले. झासिंतु हसला नाही. बाल्ताझारशिवाय पुढच्या वर्षी काम कसं होणार, या प्रश्नाशी तो ईस्टरपासून झुंजत होता. डोंगरापलीकडच्या टोळ्या यायच्या, पण त्या घाईच्या. आईला जखमा करून जायच्या.

"झाडांनाच विचारतो," तो म्हणाला. "ती म्हणतील तसं."

हे त्याचं नेहमीचंच बोलणं होतं आणि वाडीत त्यावर कुणी वाद घालत नसे.

दोघं उतारावर गेले. वरच्या अर्ध्या भागातली झाडं खडकात रुजलेली. पहिल्याच घावाला ठक्. दुसरं झाड, ठक्. तिसरं, चौथं, तसंच. दुष्काळानं साल अंगाला चिकटून बसली होती. मग ते खाली, ओढ्याच्या काठच्या झाडांपाशी आले. झासिंतुनं भेगेत पातं बसवलं, पिळलं आणि श्वास रोखून ऐकत राहिला. पुन्हा पिळलं. खोडाच्या पलीकडच्या बाजूला बाल्ताझार खुब्यावर हात ठेवून उभा होता.

"पोकळ आहे," झासिंतु म्हणाला. "सुटतेय. नाही का?"

"मला काय विचारतोस, कोंपाद्र? मी चढणारा माणूस. कान तुझा."

अंगणात येऊन झासिंतुनं सांगितलं, "वरची नाही म्हणतात. खालची हो म्हणतात."

मावशीनं ओढ्याच्या दिशेला पाहिलं. "तू म्हणतोस ना? मग झालं."

खालची झाडं सोलली. एकही घाव आईला लागला नाही. फळकुटं खळ्यावर रचली, वाळायला. झाडांवर पांढरे आकडे चढले. शेवटच्या दिवशी मावशी भाकरी, ऑलिव्ह आणि शेळीचं चीज घेऊन वर आली. ती लाल खोडांची रांग तिनं बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "उघडी पडल्यासारखी वाटतात रे."

"दर वेळी तसंच वाटतं, मावशी," बाल्ताझार म्हणाला. "न्हाऊ घातलेल्या पोरासारखी."

ऑगस्टमध्ये आग आली. कुठं लागली, कशानं लागली, यावर आजही एकमत नाही. कुणी म्हणतं गवत कापायच्या यंत्राची ठिणगी, कुणी म्हणतं विजेची तार. वाडीला पहिल्यांदा दिसला तो डोंगराच्या कण्यापलीकडे धुराचा एक पांढरा खांब. दुपारपर्यंत तो पिवळा झाला, मग तपकिरी. सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले: सावध राहा. सावध म्हणजे काय करायचं, ते त्यात नव्हतं.

अग्निशमनाची एक गाडी आली. सोबत वानिया. एरवी ही वाडीत टपाल वाटायची; उन्हाळ्यात स्वयंसेवक म्हणून आगीवर जायची. तिनं गाडी चर्चसमोर लावली आणि पाइप घरांकडे पसरायला सुरुवात केली. झासिंतु धावत तिच्याकडे गेला.

"पोरी, गाडी वर घे. ओढ्याच्या काठाला."

"ओढ्यात पाणी आहे का, काका?"

"ओढ्यात कुठलं पाणी? तुझ्या गाडीत आहे ना."

"माझ्या गाडीत आहे ते घरांना पुरलं तरी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावेन."

"घरं दगडाची आहेत. पुन्हा बांधता येतात."

"आणि छप्परं? आणि आत माणसं बसलीत ती?" वानियानं हेल्मेट मागे सरकवलं. "मला सांगितलंय, आधी माणसं, मग घरं. झाडांचं कुणी काही बोललेलं नाही. आणि काका, बुचाच्या झाडाला काय होतंय? काळं पडतं आणि वसंतात पुन्हा फुटतं. तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं. त्याच्या अंगावर चिलखत असतं म्हणून."

"खालच्या झाडांवर नाहीये," झासिंतु म्हणाला. "आम्ही उतरवलंय."

वानियानं उताराकडे पाहिलं. वर काळपट, जाड सालीची झाडं आणि खाली लाल खोडं. "वारा फिरेल, काका," ती म्हणाली आणि पुन्हा पाइप ओढायला लागली.

हेलिकॉप्टर आलं, एकदा पाणी टाकून गेलं. मग बराच वेळ आलंच नाही. जवळच्या धरणाचा तळ उघडा पडला होता. हेलिकॉप्टरला पाण्यासाठी पार समुद्राकडच्या धरणावर जावं लागत होतं. वाडीतली माणसं मान वर करून त्या रिकाम्या आकाशाकडे बघत उभी होती. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात ओल्या फांद्या. कण्यावर धुराच्या पोटात आता लाल दिसू लागलं होतं.

तेवढ्यात ओदेतनं नवऱ्याचा दंड धरला. "अहो, मावशी बघा काय करतेय."

देओलिंदामावशी खळ्यावरून बुचाचं एक फळकूट ओढत उताराकडे निघाली होती. बूच हलकं असतं, पण ते तिच्याहून उंच होतं आणि वारा तिला एका बाजूला ढकलत होता. पहिल्या झाडापाशी पोचून तिनं ते लाल खोडाला टेकवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. लेकराच्या अंगावर पांघरूण धरावं तसं.

"मावशी, बैल गेला अन् झोपा केला!" बाल्ताझार खालूनच ओरडला.

"मग तू काय करतोयस? तिथं उभा राहून धूर राखतोयस? तार आण!"

तार आणली गेली. गवताचे भारे बांधायची, मग कपडे वाळत घालायची दोरी, मग शेळ्यांची दावी. सगळी वाडी खळ्यावरून फळकुटं ओढत वर आली. दोघं धरणार, एक बांधणार. एका झाडाला तार कमी पडली तेव्हा बाल्ताझारनं कमरेचा पट्टा काढून दिला आणि उरलेलं सगळं काम एका हातानं विजार धरून केलं. "लियोंला हे कुणाला सांगू नका," तो म्हणाला. एक-दोघी हसल्या, मग त्यांना खोकला आला.

पण फळकुटं बसत नव्हती. खळ्यावर उन्हात पडून ती वाळली होती, आक्रसली होती, बाक बदलला होता. शिवाय ढीग सगळा एकत्र. कुठली साल कुठल्या झाडाची, हे कोण सांगणार? लोक झासिंतुकडे बघत होते. त्यानं एक उचललं, एका खोडाला लावलं, नाही. दुसऱ्याला लावलं, नाही. प्रत्येक झाडाला नीट ऐकून त्यानं हे उतरवलं होतं आणि आता परत कुठं चढवायचं ते त्याला सांगता येत नव्हतं. जिथं घट्ट बांधलं तिथंही साल आणि खोड यांच्यात हाताचा पंजा जाईल एवढी फट राहत होती.

त्या फटीत त्यानं हात घातला. खालून वर वारा वाहत होता.

"कोंपाद्र," तो हळूच बाल्ताझारला म्हणाला, "हे धुराडं झालंय. आग इथं पोचली की आतून वर ओढून घेईल."

बाल्ताझारनंही हात घालून पाहिला. "मग सोडायचं का?"

दोघांनी मावशीकडे पाहिलं. ती पुढच्या झाडापाशी पोचली होती. तोंडावर ओला रुमाल, हातात शेळीचं दावं. गाठ मारता मारता ती झाडाला काहीतरी सांगत होती.

"बांध," झासिंतु म्हणाला.

आणि त्यानं तार पिळली.

मग वारा फिरला, पण वानिया म्हणाली होती तसा नाही. कण्यावरून एकदम गरम झोत खाली आला, मागून आवाज आला, रिकाम्या डब्यांनी भरलेला ट्रक दगडांवरून यावा तसा. खाली वानिया भोंगा वाजवत होती. वाडी रिकामी करायला आलेल्या पोलिसांनी गाड्यांत माणसं भरली. मावशी यायला तयार नव्हती; बाल्ताझारनं तिला दोन्ही हातांनी उचललं. त्यामुळं त्याची विजार खाली आली. या वेळी कुणी हसलं नाही.

समोरच्या डोंगरावरच्या वळणावर गाड्या थांबल्या, तेव्हा उतार दिसत होता. झुडपं आधी पेटली, एकेक नाही, एकदम. वरच्या झाडांवरून आग पळत गेली, पुढं कुठं काम असल्यासारखी. ओढ्याच्या काठाला मात्र ती थांबली. बांधलेल्या फळकुटांच्या वरच्या टोकांतून ज्वाळा निघताना दिसल्या. मावशीची नजर आता अधू झाली होती. तिनं विचारलं, "धरून आहेत का रे?"

"आहेत, मावशी," झासिंतु म्हणाला.

परत आले तेव्हा घरं उभी होती. दोन छप्परं आणि एक गोठा गेला होता. वानियानं आपलं पाणी नेमकं वापरलं होतं. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. झासिंतुनंही मारली. तो सरळ उतारावर गेला. वरची झाडं काळी, खालचीही काळी. कुठली वाचली आणि कुठली गेली, हे कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. वाट बघायची. बुचाच्या झाडाबाबत वाट बघण्याखेरीज दुसरं औषध नाही.

पाऊस उशिरा आला, पण आला. झासिंतु रोज वर जायचा. सोलायचं काम नाही, कुऱ्हाड नाही, नुसता जायचा. बाल्ताझार ख्रिसमसच्या आधी लियोंला गेला. जाताना त्यानं पट्ट्याचं जळकं बक्कल खिशात टाकलं आणि "माझं चिलखत," असं म्हणाला. झासिंतुला त्यावर हसायचं होतं.

वसंतात वरच्या झाडांना शेंड्याकडून हिरवं फुटलं. कोळशातून पालवी. गावातली पोरं बघायला गेली. आखूड, कोरड्या आवाजात नाही म्हणालेली ती सगळी झाडं जिवंत होती. खालच्या झाडांना काही फुटलं नाही. ईस्टरला नाही, मेमध्ये नाही. झासिंतुनं एका खोडाला नख लावलं, तर आई कागदासारखी सुटून हातात आली. कोरडी, तपकिरी.

वन खात्यातली एक बाई पाहणीला आली होती. ती चांगली होती, सावकाश बोलणारी. तिनं समजावलं, की ओढ्याकाठच्या मुळांना जमिनीखाली थोडी ओल मिळत होती, म्हणून तिथं रस वाहत होता आणि रस वाहतो तिथं साल सुटते. "झाडाला पुढं काय होणार ते थोडंच कळतं," ती म्हणाली. झासिंतुनं मान हलवली. ते खरंच होतं. त्यालाही हे माहीत होतं, वेगळ्या शब्दांत.

वाडीत त्याला कुणी बोल लावला नाही. हेच त्याला सोसत नव्हतं. देओलिंदामावशी चीज पाठवायची, पूर्वीसारखंच. एकदा रस्त्यात भेटली तेव्हा स्वतःच म्हणाली, "तुझा काय दोष? झाडं हो म्हणाली होती ना?" त्या रात्री तो जेवला नाही. ओदेतनं शेजारणीला सांगितलं, "कुणीतरी येऊन याला चार शिव्या द्या गं. बरं वाटेल याला."

पलीकडच्या गावांतून बोलावणं आलं. दोन ठिकाणी साल काढायची होती, नवा जोडीदारही द्यायला ते तयार होते. झासिंतुनं एकदा जाऊन पाहिलं. भेगेत पातं बसवलं, पिळलं, मान कलवली. मग पुन्हा पिळलं. मालक वाट बघत उभा होता. "काय म्हणतं?" मालकानं विचारलं. झासिंतु म्हणाला, "कळत नाही," आणि कुऱ्हाड पुसून घरी आला.

रविवारी दुपारी लियोंहून बाल्ताझारचा फोन येतो. खुब्याचं ऑपरेशन झालंय, नातू चालायला लागलाय, तिकडची वाइन चांगली पण भाकरी म्हणजे कापूस. नेहमीचं सगळं बोलून होतं. मग तो विचारतो, "खाली काही हिरवं?" झासिंतु म्हणतो, "नाही."

गेल्या रविवारी फोन ठेवायच्या आधी झासिंतुनं स्वतःच विषय काढला. ओदेत शेजारीच मटार सोलत होती. तिनं हात थांबवले.

"कोंपाद्र, एक विचारू? त्या दिवशी, पहिल्या झाडाला, तू पलीकडून उभा होतास. मला तू जायच्या आधी काम उरकायचं होतं, हे तुलाही माहीत होतं. खरं सांग, तुझ्या बाजूनं तो आवाज कसा आला होता?"